दुखणे अंगावर का काढले जाते? मानसशास्त्राच्या धड्यांची एक साखळी

आपल्या वस्तीतली मुले-मुली अकरावी-बारावीला किंवा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतात. नर्सिंग डिप्लोमाच्या पहिल्या वर्षालाही हा विषय असतो. पुस्तकात धडे एकामागून एक येतात : अध्ययन, अवधान, स्मृती, भावना, विचार, प्रेरणा, सामाजिक वर्तन. मुले एकेक धडा पाठ करतात, परीक्षेत टिपा लिहितात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण माणसाच्या मनात हे धडे वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. ओपीडीच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बाईच्या मनात ते सगळे एकाच वेळी चालू असतात आणि एक धडा दुसऱ्याला ढकलत असतो.

या लेखात आपण हे धडे एका धाग्यात ओवून पाहू. धागा आपल्या ओळखीचा आहे. दुखणे अंगावर काढणे. उदाहरण घेऊ उच्च रक्तदाबाचे, कारण हा आजार बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही आणि म्हणूनच उपचार सहज सुटतात. सुटले की काही वर्षांनी अर्धांगवायू, हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी होणे यांपैकी काहीतरी घरात येते. तेव्हा सगळे विचारतात, "गोळ्या का नाही घेतल्या?" या प्रश्नाला 'निष्काळजीपणा' हे एका शब्दाचे उत्तर दिले जाते. आमच्या मते ते उत्तर चुकीचे आहे. खरे उत्तर साखळीचे आहे, आणि साखळी समजली तर ती तोडता येते.

समजा, एक मावशी आहेत. वय पन्नाशीचे, चार घरची धुणीभांडी करतात. एका आरोग्य शिबिरात त्यांचे बीपी जास्त निघाले. त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवले गेले, गोळ्या सुरू झाल्या, आणि दोन महिन्यांनी त्यांनी जाणे बंद केले. असे का झाले, ते एकेका कडीने पाहू.

पहिली कडी : नंबर येण्याआधीच छाती धडधडते

रशियाचे शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनसंस्थेवरील कामासाठी. कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की, अन्न तोंडात जाण्याआधीच, अन्न येणार अशी खूण मिळताच लाळ सुटते. ज्या गोष्टीचा लाळेशी काही संबंध नाही ती अन्नाबरोबर वारंवार आली, की पुढे ती एकटीच लाळ आणते. यालाच पुस्तकात अभिजात अभिसंधान म्हणतात.

भीतीही अशीच शिकली जाते. अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी 1920 साली एका लहान बाळावर प्रयोग केला. बाळ पांढऱ्या उंदराला घाबरत नव्हते. उंदीर समोर आला की त्याच्यामागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारून मोठा आवाज केला गेला. काही वेळा असे झाल्यावर बाळ नुसता उंदीर पाहून रडू लागले, आणि पुढे ससा, केसाळ कोट यांनाही बिचकू लागले. एका गोष्टीची भीती तिच्यासारख्या इतर गोष्टींवर पसरते, याला सामान्यीकरण म्हणतात. आज कोणतीही नीतिसमिती असा प्रयोग करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

आता मावशींकडे या. दवाखान्यात पूर्वी त्यांनी काय अनुभवले असेल? बाळंतपणातले ओरडणे, नवऱ्याच्या शेवटच्या आजारातली धावपळ, खिडकीवरचे खेकसणे. फिनाईलचा वास, पांढरा कोट, "पुढचा नंबर" ही हाक या गोष्टी स्वतः कुणाला इजा करत नाहीत. पण त्या वेदनेबरोबर आणि अपमानाबरोबर आल्या. आता त्या एकट्याच छाती धडधडवतात. केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांना औषध टोचण्याआधीच, नुसत्या वॉर्डच्या वासाने मळमळते, तोही याच प्रकारचा शिकलेला प्रतिसाद आहे.

आणि छाती धडधडली की बीपी वाढते. इटलीतील जिउसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली रुग्णांच्या रोहिणीत नळी ठेवून सतत रक्तदाब नोंदवला. डॉक्टर खाटेजवळ येताच वरचा आकडा सरासरी 25 पेक्षा जास्त अंकांनी चढला. पुढे 1987 मध्ये त्यांनी दाखवले की मोजायला परिचारिका आली तर ही चढ बरीच कमी असते. याला पांढऱ्या कोटाचा परिणाम म्हणतात. म्हणजे मानसशास्त्राचा पहिला धडा थेट बीपीच्या पट्ट्यात दिसतो. याचा अर्थ 'मला बीपी नाहीच, ती नुसती भीती आहे' असा मात्र काढू नका. एकदा वाढलेला आकडा शांतपणे, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी कडी : टाळले की बरे वाटते

भीती वाटली की माणूस काय करतो? टाळतो. मावशी तारखेला जात नाहीत. सकाळपासूनची धडधड थांबते, हायसे वाटते. हे हायसे वाटणे हेच बक्षीस. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांवरील प्रयोगांतून आणि पुढे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर-कबुतरांवरील प्रयोगांतून हेच दाखवले. ज्या कृतीनंतर बरे घडते ती कृती पुन्हा होते. हे साधक अभिसंधान.

येथे विद्यार्थी एक चूक हमखास करतात. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असे लिहून येतात. तसे नाही. शिक्षेने वर्तन कमी होते. ऋण प्रबलनात एखादी त्रासदायक गोष्ट निघून जाते आणि त्यामुळे वर्तन वाढते. दवाखाना टाळल्यावर भीती निघून गेली, म्हणून टाळणे वाढले. हे ऋण प्रबलन.

आता गोळीचा हिशोब मांडा. बीपीची गोळी घेतल्याचे बक्षीस काय? दहा वर्षांनी अर्धांगवायू न होणे. ते दिसत नाही, हातात येत नाही. आणि गोळीचा त्रास मात्र आजच. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते. लघवी वाढवणारी गोळी असेल तर दर थोड्या वेळाने जावे लागते. ज्या घरात मावशी भांडी घासतात तिथले शौचालय त्यांना वापरू दिले जात नसेल, तर ही गोळी दिवसभराची शिक्षा होते. शिवाय तारखेला गेले की एक दिवसाचा खाडा. बक्षीस दूरचे आणि अदृश्य, शिक्षा जवळची आणि रोजची. अशा वेळी गोळी सुटणे हा स्वभावदोष नाही. शिकण्याच्या नियमांप्रमाणेच ते घडते आहे.

पहिली आणि दुसरी कडी येथे एकमेकींत अडकतात. भीती पावलॉव्हच्या पद्धतीने लागते आणि स्किनरच्या पद्धतीने टिकते. टाळत राहिल्यामुळे 'आज दवाखान्यात काही वाईट झाले नाही' हा अनुभव कधी मिळतच नाही, म्हणून भीती विझत नाही. परीक्षेत या दोन अभिसंधानांतला फरक विचारतात. त्यांचे नाते विचारले तर हे उत्तर लिहा.

तिसरी कडी : सांगितलेले डोक्यात राहत नाही

मावशी गेल्या त्या दिवशी डॉक्टरांनी भराभर सांगितले. सकाळी ही एक गोळी, रात्री ती अर्धी, मीठ कमी, लोणचे-पापड बंद, मिश्री सोडा, रोज चाला, रक्त-लघवी तपासून आणा, पंधरा दिवसांनी या. एकूण आठ गोष्टी, एका मिनिटात.

जॉर्ज मिलर यांनी 1956 साली मांडले की अल्पकालीन स्मृतीत साधारण सात, दोन कमी किंवा दोन जास्त, इतके घटक मावतात. नंतरच्या संशोधकांनी, विशेषतः नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये, हा आकडा चारच्या आसपास आणला. म्हणजे शांत बसलेल्या, शिकलेल्या माणसालाही आठ गोष्टी जड जातात. मावशी तर शांत नव्हत्या. भीतीत अवधान आकुंचित होते. मन धोक्याकडे लागते. कोण ओरडेल, नंबर चुकेल का, कामावर उशीर होईल का. अल्पकालीन स्मृतीची जी थोडीशी जागा असते, तिच्यातली बरीच ही काळजीच अडवते. शरीरात ताणाची संप्रेरके वाढलेली असतात, त्यामुळे ऐनवेळी आठवणेही अडखळते. ज्याकडे लक्षच गेले नाही ते स्मृतीत साठणार कसे?

डच संशोधक रॉय केसेल्स यांनी 2003 साली या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेतला. आरोग्य कर्मचाऱ्यांनी सांगितलेल्या माहितीपैकी 40 ते 80 टक्के भाग रुग्ण लगेच विसरतात, आणि जो लक्षात राहिला असे वाटते त्यातलाही जवळजवळ निम्मा चुकीचा असतो, असे त्यांनी नोंदवले. हे आकडे अडाणी रुग्णांचे नाहीत, सर्वसाधारण रुग्णांचे आहेत. उरलेलेही झपाट्याने जाते. हर्मान एबिंगहाऊस यांनी 1885 साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले की विसरणे सुरुवातीला सर्वात वेगाने होते आणि मग मंदावते. त्यांनीच हेही दाखवले की एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा अंतर ठेवून उजळणी केली तर ते जास्त टिकते. अभ्यासासाठी जसे, तसे औषधासाठीही.

म्हणजे भावनेचा धडा अवधानाच्या धड्यात शिरतो आणि अवधानाचा स्मृतीच्या. 'सांगितले होते तरी विसरली' असे म्हणण्यापूर्वी, सांगताना तिचे मन कुठे होते हे विचारायला हवे.

चौथी कडी : जे चटकन आठवते तेच खरे वाटते

डॉक्टरांनी सांगितलेले विसरले, पण एक गोष्ट मावशींना लख्ख आठवते. शेजारच्या गल्लीतल्या काकांनी गोळ्या सुरू केल्या आणि सहा महिन्यांत ते गेले. वर्षानुवर्षे गोळी घेऊन रोज कामाला जाणारी दहा माणसे त्याच वस्तीत आहेत, पण त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान यांनी 1973 मध्ये हे नियमाच्या रूपात मांडले. एखादी गोष्ट किती सहज आठवते, यावरून माणूस ती किती वेळा घडते याचा अंदाज बांधतो. ठळक, भयानक, ओळखीच्या माणसाला झालेली गोष्ट सहज आठवते, म्हणून ती नेहमीचीच वाटते. काका गोळीने गेले की गोळी फार उशिरा सुरू झाल्यामुळे, हा प्रश्न मनात येतच नाही.

त्यानंतर आणखी एक गोष्ट घडते. मावशींना ठाऊक आहे की बीपी वाईट असते, आणि त्यांनी गोळी तर सोडली आहे. या दोन गोष्टी एकत्र मनात ठेवणे त्रासाचे असते. लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 साली याला बोधात्मक विसंगती म्हटले. हा त्रास कमी करण्याचे दोन मार्ग आहेत : वागणे बदला किंवा विचार बदला. पुन्हा रांगेत उभे राहण्यापेक्षा विचार बदलणे सोपे. "मला काहीच त्रास नाही", "गोळ्यांनी उष्णता होते", "एकदा लागली की जन्माची सवय". ही वाक्ये आपण रोज ऐकतो. ती अज्ञानातून आली असे आपण समजतो आणि माहितीचे पत्रक हातात देतो. पण ती बऱ्याचदा कृतीनंतर आलेली असतात, आधी नाही. म्हणून नुसत्या पत्रकाने ती जात नाहीत. परत जाणे सोपे झाले, की ती आपोआप गळतात.

पाचवी कडी : "ही माणसे ऐकतच नाहीत"

आतापर्यंत आपण रुग्णाच्या मनात होतो. आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला या. दोन महिन्यांनी मावशी चक्कर आली म्हणून परत येतात. कर्मचारी केस पेपर पाहतो आणि म्हणतो, "या लोकांना कितीही सांगा, ऐकतच नाहीत."

दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधायचे आणि परिस्थितीकडे दुर्लक्ष करायचे, ही माणसाची सवय आहे. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी 1967 मध्ये विद्यार्थ्यांना क्युबाचे नेते कॅस्ट्रो यांच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. कोणत्या बाजूने लिहायचे ते लेखकाला नेमून दिले होते, असे सांगितले तरी, लेखकाचे मत निबंधासारखेच असणार असे वाचकांना वाटले. ली रॉस यांनी 1977 साली या सवयीला मूलभूत गुणारोपण दोष हे नाव दिले. स्वतःला उशीर झाला की आपण ट्रॅफिक म्हणतो, दुसऱ्याला झाला की आळस म्हणतो.

ही सवय जेव्हा एका माणसावरून सरळ त्याच्या जातीवर, वस्तीवर, आडनावावर जाते, तेव्हा ती साचेबंद प्रतिमा होते. 'ऐकत नाहीत' मधला 'या लोकांना' हा शब्द नीट ऐका. आणि ही प्रतिमा फक्त बोलणाऱ्याच्या डोक्यात राहत नाही, ऐकणाऱ्याच्या कामावरही परिणाम करते. क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरन्सन यांनी 1995 मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबाबत हे मांडले. आपल्या देशात कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित मुले आणि सवर्ण मुले जवळजवळ सारखीच ठरली. सर्वांसमोर प्रत्येकाची जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. मुले तीच होती, कोडीही त्याच प्रकारची होती. बदलले होते ते भोवतालचे वातावरण. अशा सर्वच प्रयोगांत परिणाम इतका मोठा आढळलेला नाही, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. पण अपमानाची चाहूल मनाची जागा अडवते, हे तिसऱ्या कडीत आपण पाहिलेच आहे.

आता साखळी वळते. कर्मचाऱ्याचे ते वाक्य मावशींनी ऐकले. पांढरा कोट, फिनाईलचा वास आणि अपमान पुन्हा एकत्र आले. आपण परत पहिल्या कडीवर आलो. सामाजिक मानसशास्त्राचा शेवटचा धडा पावलॉव्हच्या पहिल्या धड्याला येऊन मिळाला. ही साखळी सरळ नाही, गोल आहे. म्हणून ती आपोआप थांबत नाही.

सहावी कडी : "आपल्या हातात काय आहे?"

गोल फिरून फिरून माणूस हात टेकतो. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये कुत्र्यांना असे विजेचे धक्के दिले की त्यांनी काहीही केले तरी ते थांबत नव्हते. नंतर त्याच कुत्र्यांना अशा पेटीत ठेवले जिथे मधला अडसर ओलांडला की सुटका होती. बहुतेकांनी प्रयत्नच केला नाही. याला त्यांनी शिकलेली असहायता म्हटले.

या गोष्टीला पुढचा भाग आहे, आणि तो अनेक पुस्तकांत नसतो. 1968 मध्ये त्यांनी या कुत्र्यांना दोरीने ओढून अडसरापलीकडे नेले. एकदा नव्हे, अनेकदा. मग ते स्वतःहून ओलांडू लागले. आणि जवळजवळ 50 वर्षांनी, 2016 मध्ये, मायर आणि सेलिग्मन यांनी मेंदूवरील संशोधनाच्या आधारे स्वतःचाच सिद्धांत उलटा केला. लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणे हा मेंदूचा मूळचा प्रतिसाद आहे, ते शिकावे लागत नाही. शिकावे लागते ते 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. म्हणून हात टेकलेल्या माणसाला 'खचू नको' असे सांगून भागत नाही. त्याला फरक पडल्याचा अनुभव द्यावा लागतो.

हा अनुभव कुठून येतो ते अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली सांगितले. 'मला हे जमेल' हा भरवसा चार ठिकाणांहून येतो : स्वतःला मिळालेले लहान यश, आपल्यासारख्याच माणसाला जमलेले पाहणे, विश्वासातल्या माणसाचे शब्द, आणि स्वतःच्या शरीराची स्थिती. चौथा मुद्दा पाहा. छाती धडधडत असेल तर मन म्हणते, 'मला जमणार नाही.' म्हणजे पहिल्या कडीतली भीती येथेही हात घालते. आणि दुसरा मुद्दा हाच निरीक्षणातून शिकण्याचा धडा. वस्तीत एक बाई नियमित गोळी घेते, बोलून दाखवते, तर ते दहा भाषणांपेक्षा जास्त शिकवते.

साखळी कुठे तोडायची?

साखळी गोल असल्याचा एक फायदाही आहे. ती कुठूनही तोडता येते. एक कडी सैल झाली की शेजारच्या दोन कड्याही सैल होतात.

भीतीची कडी : मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली सशाला घाबरणाऱ्या एका मुलाला आवडता खाऊ देत देत ससा थोडाथोडा जवळ आणला आणि भीती घालवली. शिकलेली भीती पुसता येते. पहिल्या खेपेला ओळखीच्या व्यक्तीबरोबर जा. नुसते बीपी मोजायला वस्तीजवळच्या उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे जा. मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. लघवीला जाऊन या. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा आणि मोजताना बोलू नका.

टाळण्याची कडी : गोळीचे बक्षीस जवळ आणा. प्रत्येक वेळचा आकडा वहीत लिहा. 160 चे 150 आणि 150 चे 138 झालेले डोळ्यांना दिसले की अदृश्य फायदा दृश्य होतो. गोळी चहा किंवा दात घासणे अशा रोजच्या कामाला जोडा. सूज येत असेल, लघवीचा त्रास होत असेल तर स्वतःहून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. गोळी किंवा वेळ बदलून मिळू शकते. कामावर शौचालय वापरू देत नाहीत, हेही सांगा. ते लाजेचे नाही, उपचाराची माहिती आहे.

स्मृतीची कडी : बरोबर एकजण न्या, जो ऐकेल. औषधांच्या पाकिटावर सूर्य-चंद्राची खूण करून घ्या. निघण्याआधी सांगा, "डॉक्टर, मला समजले ते परत सांगते, बरोबर आहे का बघा." नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी हे स्वतःहून विचारण्याची सवय लावावी. 'समजले का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला सगळे 'हो' म्हणतात.

विचारांची कडी : बैठकीत, महिला मंडळात नियमित गोळी घेऊन बरे असलेल्यांना बोलते करा. ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्याच आठवतात.

प्रतिमेची कडी : दवाखान्यात कोणी अपमानास्पद बोलले तर दिनांक, वेळ, खिडकी लिहून ठेवा आणि चार जण मिळून लेखी तक्रार द्या. ही तक्रार मानापमानापुरती नसते. तिने पहिली कडी तुटते. आरोग्य सेवेत असलेल्या आपल्या मुलामुलींनी 'ऐकत नाहीत' ऐवजी 'कशामुळे जमले नाही?' एवढा प्रश्न विचारावा.

असहायतेची कडी : पहिल्याच आठवड्यात सगळे बदलायला लावू नका. फक्त सात दिवस सकाळची गोळी. जमले की पुढचे. मन फारच खचले असेल, झोप उडाली असेल तर टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येते. आणि तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक झाले तर थांबू नका, लगेच 108 वर फोन करा. तिथे मिनिटे मोजली जातात.

विद्यार्थ्यांसाठी, आणि वस्तीतल्या वाचन गटांसाठी तीन प्रश्न देतो. एक : परीक्षेची भीती वाटणाऱ्या मुलासाठी हीच सहा कड्यांची साखळी लिहून काढा. दोन : दारू सोडलेला माणूस पुन्हा पिऊ लागतो तेव्हा यातली कोणती कडी सर्वात घट्ट असते? तीन : आपल्या घरात कोणाचे दुखणे अंगावर काढणे चालू आहे, आणि कोणती कडी आपण या आठवड्यात सैल करू शकतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा. तिसऱ्याचे उत्तर त्या माणसाला बरोबर घेऊन उपकेंद्रात जाऊन द्या.